नाल्याकाठचा हिरवा पालक

सासरे गेले आणि आत्याबाई पोखर्णी सोडून आमच्याकडे परभणीला राहायला आल्या. आमच्याकडे सासूला आत्याबाईच म्हणतात. वावर थोरल्या दिरांकडे होतं, तिथं त्यांना कशाची ददात नव्हती. पण धाकट्याची बायको नोकरी करते, तिच्यानं घर होत नसेल, असं त्यांनी मनाशी ठरवलं आणि त्या आल्या. एका पिशवीत लुगडी होती. दुसऱ्या पिशवीत नुसतं बियाणं होतं.

आमचं घर गावाच्या कडेला, नाल्याला लागून. मागच्या दारापासून नाल्यापर्यंत काळ्या मातीची एक पट्टी पडून होती. आत्याबाईंनी महिन्याभरात तिथं वाफे काढले. मेथी, पालक, चुका, कोथिंबीर. नळाला पाणी एक दिवसाआड यायचं, ते पिण्यालाच पुरायचं नाही, म्हणून त्या डालड्याच्या डब्यानं नाल्याचं पाणी उपसून वाफ्यांना घालायच्या. भाजी खायला तीन माणसं. उरलेल्या जुड्या आळीत वाटल्या जायच्या. आळीतल्या बायका मला ओळखायच्या त्या पालकवाल्या आत्याबाईंची सून म्हणून. कॉलेजात मी वनस्पतिशास्त्र शिकवते, याचं त्यांना फारसं काही नव्हतं.

मी त्या वर्षांत पीएच.डी. करत होते आणि माझा विषय शेवाळ होता. ह्यांची नोकरी पाटबंधारे खात्यात. लग्नानंतर आम्ही काही काळ येलदरीच्या वसाहतीत राहिलो होतो. धरणाच्या काठाला मासेवाले होड्या बांधायचे, तिथल्या दगडांवर मऊ हिरवं शेवाळ असायचं. तेच मी पुढं आणून कॉलेजात वाढवलं. दवाखान्यातून मागून आणलेल्या सलाइनच्या काचेच्या बाटल्या, तोंडाला कापसाचा बोळा, वर ट्यूबलाइट. काही बाटल्यांत मी अगदी थोडं मोरचूद टाकायची. मोरचूद म्हणजे तांब्याचं मीठ. शेवाळाला ते विषच. हिरवं पाणी हळूहळू फिकट व्हायचं आणि शेवटी ताकासारखं पांढुरकं दिसायचं. पण ज्या बाटलीत मोरचूदाबरोबर संजीवकाचा थेंबभर द्राव टाकला असेल, ती हिरवी राहायची. संजीवक म्हणजे झाडाच्या अंगातच तयार होणारं, त्याला वाढ, मुळं फोड, पान गाळू नको असं सांगणारं द्रव्य. मुंबईहून आलेली त्याची चिमुकली तपकिरी बाटली उजेडात ठेवायची नसे आणि गारव्याशिवाय टिकायची नाही. कॉलेजात फ्रीज एकच, प्राणिशास्त्र विभागाचा. त्यामुळं माझी बाटली काळ्या कागदात गुंडाळून बेडकांच्या शेजारी राहायची.

ते नामांतराचे दिवस होते. ज्या विद्यापीठात माझी नोंदणी होती, त्याला कुणाचं नाव द्यायचं यावरून मराठवाडा कित्येक वर्षं धुमसत होता. आज मोर्चा, उद्या बंद. माझे मार्गदर्शक औरंगाबादला, आणि एसटी कधी सुटेल, कुठं अडकेल याचा नेम नसायचा. अडलं की मी जायची आमच्याच कॉलेजातल्या रसायनशास्त्राच्या सरांकडे. माझ्याच वयाचे, बोलायला कमी. नामांतराच्या सत्याग्रहात ते तुरुंगात जाऊन आले होते. अठ्ठ्याहत्तरच्या दंगलीत त्यांच्या गावाकडचं घर जळालं होतं. हे त्यांनी मला एकदाच सांगितलं, प्रयोगशाळेत काहीतरी गाळत असताना, गाळणीवरची नजर न काढता.

आत्याबाई येऊन वर्ष झालं असेल, तेव्हा नाल्याच्या वरच्या अंगाला एक वर्कशॉप निघालं. सायकलचे हँडल, रिंगा, स्टोव्हच्या टाक्या, लग्नसराईच्या आधी बँडवाल्यांचे कर्णे, यांच्यावर तिथं निकेलचं पॉलिश चढवून मिळायचं. लोकांना त्याचं कौतुक होतं. गंजकं हँडल द्यावं आणि चकाकतं घेऊन यावं. पण त्या कामाचं पाणी नाल्यात यायला लागलं, आणि नाल्याला एक फिकट हिरवट झाक आली.

पालक आधी पिवळा पडला. पानाच्या शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा. रोपं बोटभर वाढून थांबायची.

“काय झालंय गं ह्याला?” आत्याबाईंनी मला मागच्या दारी बोलावलं. “शेणखत घातलं, राख टाकली. तरी रोज जास्तीच पिवळं पडायलंय.”

मी एक रोप उपटून बघितलं. मुळं आखूड, जाडसर, टोकाला तपकिरी. माझ्या बाटल्यांत तांब्यानं जे होत होतं, तेच इथं निकेलनं होत असणार, असं मला वाटलं. मी त्यांना सांगितलं की वरच्या वर्कशॉपच्या पाण्यात धातू येतोय आणि त्यानं मुळं वाढत नाहीत. हे पाणी घालू नका.

“मग काय घालू? नळाचं?” त्या म्हणाल्या. “तू कालिजात इषारी पाण्यातलं शेवाळ जगवायलीस म्हणं. माझा पालक न्हाई का जगवता येत?”

जेवताना मीच ते कौतुकानं सांगितलं होतं. कापसाची फुलं-पात्या गळू नयेत म्हणून पोखर्णीच्या वावरात जे औषध फवारतात, ते आणि माझ्या तपकिरी बाटलीतलं एकाच जातीचं, असंही बोलले होते. आत्याबाईंनी ते बरोबर लक्षात ठेवलं होतं.

खरं सांगायचं तर मलाही ते करून बघायचंच होतं. बाटलीतलं शेवाळ वेगळं आणि वाफ्यातलं झाड वेगळं. तेव्हा आम्ही दोघींनी मिळून दोन वाफे नव्यानं तयार केले. एका वाफ्याचं बी साध्या पाण्यात भिजवलं, दुसऱ्याचं संजीवकाच्या पाण्यात. पुढं त्याच दुसऱ्या वाफ्यावर अधूनमधून अगदी सौम्य फवारा. हात राखून टाकावं लागायचं, कारण हीच जात जास्त झाली तर तणनाशकासारखी झाडाला मारते. पाणी मात्र दोन्हीकडे नाल्याचंच.

आत्याबाई सकाळी उठल्या की आधी मागच्या दारी जायच्या. साधा वाफा पहिल्यासारखाच पिवळा, खुरटा. दुसरा वाफा सुरुवातीला मागं होता, मग त्यानं जोर धरला. पानं रुंद, गर्द, देठ लाल-हिरवे, टवटवीत. आळीतल्या बायका बघायला आल्या. आत्याबाई त्यांना सांगायच्या, “आमच्या सूनबाईनं दवा केली.” माझ्या नोकरीबद्दल, माझ्या शिक्षणाबद्दल त्यांच्या तोंडून चारचौघांत निघालेला तो पहिला चांगला शब्द. मला फार बरं वाटलं, हे कबूल करायला हरकत नाही.

त्याच सुमाराला एक दिवस मी सरांना माझ्या बाटल्या दाखवत होते. मोरचूद टाकलेली पांढुरकी बाटली, आणि मोरचूद अधिक संजीवक टाकलेली हिरवी बाटली. त्यांनी दोन्ही उजेडासमोर धरून पाहिल्या.

“मॅडम, शेवाळ वाचलं ते दिसतंय. पण तांबं गेलं कुठं?”

“म्हणजे?”

“बाटलीतून तर ते बाहेर गेलेलं नाही. पाण्यात राहिलंय, की शेवाळाच्या पोटात आहे?”

प्रश्न साधाच होता. मी तो माझ्या बाटल्यांपुरता विचारात घेतला, पुढं मोजमाप करावं लागेल असं म्हटलं, आणि तास घ्यायला निघाले. जिन्यावर असताना मला आमचा पालक डोळ्यांपुढं आला. तास सोडून मी घरी गेले.

आत्याबाई ओसरीवर बसून जुड्या बांधत होत्या. मांडीवर पालक, बाजूला ओल्या फडक्यात पालक. काही जुड्या सकाळीच वाटून झाल्या होत्या. एक समोरच्या घरी गेली होती, तिथली सून बाळंत झालेली. तिला रक्त भरायला पाहिजे म्हणून मुद्दाम मोठी जुडी.

“आत्याबाई, थांबा. हा पालक कुणाला देऊ नका.”

“कामून?”

मी सांगायचा प्रयत्न केला. निकेल कुठं गेलेलं नाही. पाण्यात होतं, ते मुळांतून वर आलं असणार. संजीवकानं झाडाला वाढायचं बळ येतं, पण विष बाहेर फेकलं जातंच असं नाही. झाड ते अंगातच कुठंतरी बांधून बाजूला ठेवतं, म्हणून त्याला बाधत नाही. खाणाऱ्याचं काय होईल, ते मला माहीत नव्हतं.

त्यांनी हातातली जुडी खाली ठेवली. “पिवळी व्हती तवा खराब म्हणलीस. आता हिरवी झाली तर बी खराब? मग चांगली भाजी वळखायची तरी कशी, ते सांग.”

हे संध्याकाळी घरी आले, त्यांनी दोघींकडचं ऐकून घेतलं आणि म्हणाले, “माय, तपासून घ्यायला काय हरकत हाय?” आत्याबाईंनी लेकाकडे न बघता सांगितलं, “तपासा. पर माझ्यासमोर तपासा.”

नमुने औरंगाबादला न्यायचं ठरलं, तर दुसऱ्या दिवशी बंद. एसटी आगारातून निघाली नाही. मी सरांना विचारलं. ते म्हणाले, किती आहे ते इथं सांगता येणार नाही, पण आहे का नाही हे बी.एस्सी.च्या पोरांनाही दाखवता येतं. बंद ओसरला, तसं त्यांनी काम सुरू केलं. मी तीन प्रकारचा पालक धुऊन वाळवून दिला. एक दिरांनी पोखर्णीहून पाठवलेला, एक आमच्या पिवळ्या वाफ्यातला, एक हिरव्या वाफ्यातला. सरांनी तो जाळून राख केली, राख आम्लात विरघळवून गाळून घेतली, आणि तीन परीक्षानळ्या स्टँडला लावून आम्हाला बोलावलं.

आत्याबाई कॉलेजात पहिल्यांदाच आल्या होत्या. डोक्यावरचा पदर सारखा करत त्या टेबलाशी उभ्या राहिल्या. सरांनी त्यांना स्टूल दिलं आणि माझ्याशी न बोलता त्यांच्याशीच बोलायला लागले.

“हे बघा आई, ह्या औषधाला निकेल भेटलं तर रंग येतो. नसलं तर नाही येत.”

“कोणचा रंग?”

“तुम्हीच बघा.”

पोखर्णीच्या पालकात त्यांनी औषध टाकलं. पाणी होतं तसंच राहिलं. पिवळ्या वाफ्याच्या नळीत टाकलं. एक गुलाबी ढग तयार होऊन खाली उतरायला लागला. हिरव्या वाफ्याच्या नळीत टाकलं, आणि तिथला रंग त्याहून गडद आला. सुंदर रंग होता. गुलाल पाण्यात पडावा तसा.

मग आत्याबाईंनी बोट दाखवून विचारलं, “ह्यो रंग भाजीतला हाय?”

“रंग औषधानं आला. पण ज्याच्यामुळं आला, ते भाजीतलं.”

“पिवळ्यात बी हाय की.”

“आहे,” सर म्हणाले. “पण पिवळी भाजी तुम्ही कुणाला दिली असती का?”

शिपायानं चहा आणला होता. सरांनी स्वतः कपात ओतून त्यांच्या पुढं ठेवला. सर कुठल्या वस्तीतले आहेत, हे आत्याबाईंना आळीतून कळलेलं होतं. आमच्या घरी कुणाचा कप कुठं ठेवायचा याबद्दलचे त्यांचे नेम मला माहीत होते. त्यांनी कप हातात घेऊन बराच वेळ धरला. मग प्याल्या. नंतर सर आमच्याकडे आले की चहा त्याच टाकायच्या. मात्र सरांसाठी वेगळा कप निघतो की आमच्यातलाच, याकडे मी पुष्कळ दिवस लक्ष ठेवून होते, आणि कधी तो आमच्यातलाच असायचा, कधी वेगळा.

रिक्षातून उतरल्यावर त्या घरात आल्याच नाहीत. सरळ समोरच्या घरी गेल्या. मी मागोमाग गेले.

“बाई, मी दिल्याली भाजी ऱ्हायली आसंल तर टाकून दे. पोरीला देऊ नको.”

त्या घरची बाई हसली. “कामून हो? चांगली हिरवीगार व्हती. पोरीनं दोन टाइम खाल्ली.”

“हिरवी व्हती, पर चांगली नव्हती. माझ्याकून चूक झाली.”

चूक त्यांची नव्हती, माझीही म्हणता येईल की नाही कोण जाणे. पण मी मधे बोलायला गेले तर त्यांनी हातानंच मला गप्प केलं. अशा त्या आळीतल्या प्रत्येक घरी गेल्या. कुणी हसलं, कुणी ‘एवढ्यानं काय होतंय’ म्हटलं. एकीनं मात्र तोंडावर सांगितलं, “आता तुमचं काही खायाचं म्हणजे इचार करावा लागंल.” त्या बाईनं पुढं कितीतरी दिवस आमच्याकडून विरजणसुद्धा नेलं नाही. बाळंतिणीला आणि बाळाला काही झालं नाही. एक-दोन वेळच्या भाजीनं काही होणारही नव्हतं, असं सरांनी नंतर समजावून सांगितलं. वर्षानुवर्षं रोज खाल्ली तर गोष्ट वेगळी. पण आत्याबाई ते ऐकल्यावरही बाळ शिंकलं तरी समोरच्या दारात जाऊन उभ्या राहायच्या.

दोन्ही वाफे त्यांनी स्वतः उपटले. गुरांनाही घातले नाहीत.

मग वर्कशॉपला जायचं ठरलं. हे म्हणत होते, भांडण नको. आत्याबाई म्हणाल्या, “भांडायला कोण चाललंय?” सर आणि आम्ही दोघी गेलो. मालक तरणा होता, एकटाच राबायचा, हाताखाली एक माणूस. मी मनात पुष्कळ जोरदार वाक्यं जुळवून गेले होते. आत्याबाईंनी एवढंच सांगितलं, “बाबा, तुझ्या पाण्यानं माझी भाजी इषारी झाली.”

त्यानं आमच्याकडे बघितलं आणि बाह्या वर केल्या. मनगटापासून कोपरापर्यंत लाल पुरळ, खाजवून खाजवून कातडी निघालेली.

“मावशी, भाजीचं काय घेऊन बसलात? हे बगा. दवाखान्यातलं मलम लावून बेजार झालो.”

सरांनी त्याचे हात उलटसुलट करून पाहिले. हेही निकेलनंच, त्यांनी सांगितलं. ते त्याला माहीत नव्हतं. त्याला वाटत होतं उष्णता झालीय. आधी रबरी हातमोजे, आणि पाणी नाल्यात सोडण्याआधी खड्ड्यात साठवून त्यात चुन्याची निवळी घालायची, म्हणजे बरंचसं निकेल खाली बसतं, असं सरांनी त्याला नीट सांगितलं. त्यानं लगेच केलं असं नाही. आत्याबाई जाता-येता विचारत राहिल्या तेव्हा उन्हाळ्यात कधीतरी खड्डा झाला. खड्ड्याच्या तळाला फिकट हिरवा गाळ बसायचा, आणि नाल्याचं पाणी पुष्कळ निवळलं. त्या गाळाचं पुढं काय करायचं, हे मात्र आम्हा कुणालाच धड माहीत नव्हतं. तो वर्कशॉपच्याच मागं एका हौदात साठत राहिला.

“आता लावू का पालक?” आत्याबाईंनी विचारलं.

“पाणी सुधारलं आत्याबाई. मातीत बसलेलं निकेल तसंच आहे.”

“ते कधी जाईल?”

“लवकर नाही जात.”

त्यांनी पट्टीवर झेंडू लावला. खायचं काही नाही. आणि पालक पेरायच्या दिवसांत त्या पोखर्णीला जाऊन राहू लागल्या. हिवाळाभर तिथं, उन्हं तापली की आमच्याकडे. त्यांच्याशिवाय घर मोकळं वाटायचं. मला वाटलं नव्हतं, तेवढं वाटायचं. मागच्या दारी झेंडूला पाणी घालताना, चांगली भाजी ओळखायची कशी, हा त्यांचा प्रश्न मला आठवायचा, आणि बाटल्यांकडे बघायची माझी दृष्टी बदलली ती त्यामुळंच. तोवर मी हिरवा रंग दिसला की प्रयोग साधला, असं लिहीत होते.

एसटी सुरळीत झाल्यावर मार्गदर्शकांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, “तुमचा विषय शेवाळ आहे. पालकात कशाला शिरताय? तीन प्रकरणं झालीत, सादर करा.” त्यांचंही बरोबर होतं. पण मी थांबले. सरांच्या मदतीनं शेवाळ पाण्यातून वेगळं करून, धुऊन, त्याच्या आतलं तांबं मोजायची रीत बसवली. त्यात पुष्कळ काळ गेला, आणि जे दिसलं ते मला अजून महत्त्वाचं वाटतं. आता मी दोन वेगवेगळी संजीवकं वापरून पाहत होते; त्यातल्या एकानं शेवाळात तांबं शिरणंच कमी झालं होतं. दुसऱ्या संजीवकानं शेवाळ भरपूर तांबं पोटात घेऊनही मजेत वाढत होतं. दोन्ही बाटल्या शेजारी ठेवल्या तर ओळखू येऊ नये, इतक्या सारख्या हिरव्या. वाचण्याच्या या दोन रीती अगदी वेगळ्या आहेत. दुसऱ्या रीतीचं शेवाळ घाण पाणी साफ करायला उपयोगी पडेल; पण त्याच रीतीनं वाचलेली भाजी ताटात नको. मार्गदर्शकांनी ते प्रकरण वाचलं, एक-दोन ठिकाणी खोडलं, आणि ठेवलं. प्रबंधाला त्यामुळं फार उशीर झाला. पदवी मिळाली तोवर विद्यापीठाचं नावही बदललं होतं. सरांनी स्टाफरूममध्ये माझं प्रमाणपत्र हातात घेतलं, वरच्या ओळीवर जरा वेळ नजर ठेवली आणि मग माझं अभिनंदन केलं.

आत्याबाई तेव्हा थकल्या होत्या, पण बाजाराला माझ्याबरोबर यायच्या. भाजीवाल्या बायका पालकावर पाणी मारून तो वर मांडायच्या. बाकीची गिऱ्हाइकं पान उलटून बघायची, देठ मोडून बघायची. आत्याबाई पानाला हातही लावायच्या नाहीत.

“पाणी कुठलं हाय बाई ह्याला?”

भाजीवालीला वाटायचं, म्हातारी शिंपडलेल्या पाण्याबद्दल बोलतेय. “नळाचं हाय आजी.”

“हे न्हाई. वावरात कोणचं पाणी देता?”

“आता ते कसं सांगावं? मी इकत घेऊन इकायलेय.”

मग आत्याबाई पुढच्या पाटीकडे जायच्या आणि तिथं बसून पुन्हा तेच विचारायच्या. कधी कधी सगळा बाजार फिरून आम्ही मुळ्याच्या शेंगा आणि कांदे घेऊन परत यायचो. एकदा एकजण म्हणाली, “हिरीचं पाणी हाय, माझ्याच हिरीचं, या बघायला.” आत्याबाईंनी तिला तिचं गाव विचारलं, विहिरीच्या वरच्या अंगाला काय काय आहे ते विचारलं, आणि मग दोन जुड्या निवडून पिशवीत टाकल्या.